गिरगावच्या वाड्यातील नाना

आपल्या दैवज्ञ समाजात वडीलधाऱ्यांची आठवण निघाली म्हणजे कै. नाना शंकरशेट यांचे नाव प्रथम ओठांवर येते. ते अवघ्या मुंबईचे पुढारी होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु घरचे वडील या नात्याने नाना कसे वागले, याचेही स्मरण या प्रसंगी करावे, असे आम्हांस वाटते.

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. १८२२ साली वडील निवर्तले आणि ऐन तारुण्यात घराण्याचा सारा भार नानांच्या शिरावर आला. संपत्ती होती, मान होता. केवळ तेवढे सांभाळून ते स्वस्थ बसले असते तरी त्यांस कोणी नावे ठेवली नसती.

१८४९ साली एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांच्या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुलीच्या हाती पाटी देणे म्हणजे त्या काळी लोकापवाद ओढवून घेणेच होते. अशा वेळी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात शाळेस जागा दिली. पैशाची देणगी दुरूनही देता येते; पण स्वतःच्या वाड्यात शाळा भरविणे म्हणजे घराण्याची अब्रूच त्या कार्यास तारण ठेवणे होय! मुलींना तेथे शिक्षण मिळे ते मराठीतून. १८४७ साली शिक्षणमंडळात सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा कैवार घेतला असता देशी भाषांची बाजू धरणारे नानाच होते. सभेत जे बोलले ते त्यांनी घरीही आचरिले.

३१ जुलै १८६५ रोजी नाना कैलासवासी झाले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत फार मानाची गणली जाई. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांस मिळाली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. नानांच्या पुण्याईचा वाटा ज्ञातीबाहेरच्या गुणवंतासही लाभला, याचाच आम्हांस अधिक अभिमान वाटतो.

आपल्या घरोघरी वाडवडिलांच्या तसबिरींस हार घातले जातात. ते अवश्य घालावेत. मात्र घरातील एखादी मुलगी पुढे शिकू म्हणेल, शेजारच्या गरिबाचा मुलगा पुस्तकासाठी दारी येईल, त्या वेळी आपले दार उघडे असावे. वडिलांचे खरे श्राद्ध तेच, असे आम्ही मानतो.