राजीनामा : एका शब्दाचा प्रवास

‘राजीनामा’ म्हटले की आज आपणांस पद सोडल्याचे पत्र आठवते. इतिहासात या शब्दाचा अर्थ निराळा होता. अरबी ‘राजी’ म्हणजे संतुष्ट, कबूल. फारसी ‘नामा’ म्हणजे लेख. मराठेशाहीत वाद गोतसभेपुढे अथवा पंचांपुढे गेला की वादी व प्रतिवादी प्रथम राजीनामे लिहून देत. पंच करतील तो निवाडा मान्य, हा त्यांचा आशय. नंतर तकरिरी व साक्षी होऊन महजर तयार होई. त्यावर कुणब्याचा नांगर, व्यापाऱ्याची तागडी अशा निशाण्या असत.

पुढे मुंबई इलाख्यात शेतकऱ्याने सरकारास जमीन सोडून दिल्याच्या लेखासही राजीनामा म्हणत. मराठीत हा ‘सोडण्या’चाच अर्थ उरला. हिंदी-उर्दूत मात्र तो आजही समेट दर्शवितो. आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. घरातील जुने कागद वाचताना हा भेद ध्यानी ठेवावा.

संस्था म्हटली की मतभेद आलेच. पद सोडण्यास एकाची सही पुरते. जुन्या राजीनाम्यास दोन्ही पक्षांची संमती लागे, आणि तीही निकाल कळण्यापूर्वी.