धुळाक्षरे आणि अभंग

बदलीच्या गावी संध्याकाळी मुलाला मराठी पुस्तक घेऊन बसविणे किती जिकिरीचे असते, हे परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी गृहस्थास निराळे सांगावयास नको. शाळेत त्या भाषेची परीक्षा नाही, अंगणातल्या सवंगड्यांना ती कळत नाही. मग ‘ही कशासाठी शिकायची?’ असे मूल विचारते, आणि उत्तर देण्यापेक्षा दटावणे आपणांस सोपे वाटते. या प्रश्नाचे उत्तर कावेरीकाठच्या मराठ्यांच्या इतिहासात शोधण्यासारखे आहे.

तंजावरची भोसले गादी १८५५ मध्ये वारसाअभावी संपली. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) हे स्वतः विद्येला पारखे झालेले मूल होते. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु राजांच्या निधनानंतर गादी अमरसिंगांकडे गेली आणि हा मुलगा नजरकैदेत, शिक्षकावाचून वाढू लागला. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या खटपटीने पुढे त्यांच्या अध्ययनाची सोय झाली. १७९८ मध्ये गादीवर आल्यावर सरफोजींनी जे केले, त्यात त्या उपासमारीची आठवण असावी असे वाटते. त्यांच्या छापखान्यातून इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत निघाल्या. ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात तर त्यांनी तमिळ रंगभूमीवरील भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. पाठ करावयाचा विषय गावयाचा झाला.

त्याच काळात मद्रासेत सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा अँड्र्यू बेल चालवीत होते. गावठी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवितात, हे त्यांनी पाहिले आणि तीच रीत उचलली. आपल्याकडील धुळाक्षरेच ती! शिवाय आज शिकलेला मुलगा उद्या धाकट्यास शिकवी. १७९७ मध्ये बेल यांनी हा अनुभव लंडनमध्ये प्रसिद्ध केला, आणि ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली. शिकलेले लागलीच दुसऱ्याच्या कामी येते, हे तिचे मर्म होते.

ही वाळू कुंभकोणम्जवळील गोविंदपुरम् येथेही भेटते. नामसिद्धांताचे आचार्य बोधेंद्र सरस्वती यांची समाधी येथे आहे. ते वाळवंटात मुलांशी खेळत, आणि अखेरीस मुलांकरवीच त्यांनी अंगावर वाळू लोटवून घेऊन समाधी घेतली, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या परंपरेतील मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दाक्षिणात्य भजनपद्धतीस घडी घातली, आणि त्या पद्धतीत मराठी संतांच्या अभंगांना मानाचे स्थान आहे. पुढारी चरण म्हणतो, मंडळी तो उचलते. त्या मंडळीत बसलेले तमिळ मूल व्याकरण न शिकता, तमिळ लिपीत लिहून घेतलेली मराठी खणखणीत म्हणते. कारण पुढचा चरण त्याच्या आवाजासाठी थांबलेला असतो. २०११ पासून येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिरही उभे आहे.

उलट, ज्यांची ही मातृभाषा, त्या तंजावरी मराठी कुटुंबांपैकी अनेकांत बोलणे उरले, पण नागरी आणि मोडीचे वाचन सुटले. हा त्या आईबापांचा आळस म्हणता येणार नाही. दरबार गेला, दफ्तर गेले. मराठीत लिहिलेले वाचावयास कोणी उरले नाही. जिथे वाचणारा नाही, तिथे लिहिण्याचा हुरूप कोठून यावा?

म्हणून घरच्या अभ्यासाला बक्षिसापेक्षा आणि धाकापेक्षा गरज असते ती वाट पाहणाऱ्याची. गावाकडे आजी पत्राची वाट पाहत असावी, धाकटी बहीण गोष्टीची, आणि आरतीला बसलेले घर त्या मुलाच्या कडव्याची. नाही तर दोन पिढ्यांनी आपलीही मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच येऊन थांबेल.