सुईण ते प्रसूतिसोबतीण : मराठवाड्यातील प्रसूतिकालीन सोबतीचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : भोकर परिसर)

प्रस्तावना

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात दोन-तीन पिढ्यांपूर्वी बहुतेक बाळंतपणे घरीच होत असत. आज ती रुग्णालयात होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ९४.७ टक्के झाले. माता व बालकांच्या जीविताच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच आहे. मात्र घरातील बाळंतिणीच्या खोलीतून रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जाताना स्त्रीच्या उशाशी बसणारी अनुभवी बाई बहुधा दाराबाहेरच राहिली. पाश्चात्त्य देशांत अशा सोबतिणीसाठी 'डूला' ही संज्ञा रूढ झाली असून आपल्या महानगरांतही ती आता ऐकू येते. हे काम आपल्याकडे पूर्वी कोण करीत होते, ते खंडित कसे झाले आणि भोकरसारख्या तालुक्यात त्याची पुनर्स्थापना कशी होऊ शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

प्राचीन ग्रंथांतील सोबतीण

प्रसूतिकाळी सोबत असावी हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतिसमयी गर्भिणीजवळ कोणत्या स्त्रिया असाव्यात याचे वर्णन आहे. त्या स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, स्नेहशील, कामात कुशल आणि कष्ट सोसणाऱ्या असाव्यात, तसेच त्यांनी गर्भिणीला धीर द्यावा, अशी तेथे अपेक्षा आहे. सुश्रुतसंहितेत प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मात निपुण अशा चार स्त्रियांचा उल्लेख असून त्यांची नखे कापलेली असावीत असेही सांगितले आहे. स्वच्छता, कौशल्य आणि स्नेह या तिन्ही गोष्टींना या ग्रंथकारांनी महत्त्व दिले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

सुईणीची परंपरा : गुण आणि मर्यादा

मराठी मुलखात हे काम सुईणीकडे होते. बाळ मोकळे करणे, नाळ कापणे, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे, शेकशेगडी करणे अशी अनेक कामे ती करी. पाचवीला सटवाईची पूजा होई. सुईणीला धान्य, लुगडे-चोळी देऊन तिची बोळवण केली जाई. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या प्रथेमुळे आई, आजी, काकू अशा स्त्रियांचा गोतावळाही सोबतीला असे. थोडक्यात, आज प्रसविका आणि डूला अशी जी दोन कामे वेगळी मानली जातात, ती तेव्हा एकाच व्यवस्थेत सामावलेली होती.

तथापि या परंपरेचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. नाळ कापण्यासाठी विळा किंवा कोणतेही हाताशी असलेले पाते वापरले जाई. त्यातून नवजात धनुर्वात व सूतिकाज्वर उद्भवत. अडलेल्या बाळंतपणात सुईणीजवळ उपाय नसे. अनेक भागांत सुईणपण मातंग व अन्य दलित समाजांतील स्त्रियांकडे होते. बाळंतपणाच्या वेळी तिला घरात बोलावले जाई आणि विटाळाचे काम तिच्याकडूनच करून घेतले जाई. विटाळ फिटताच तीच बाई पुन्हा अस्पृश्य ठरे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या आत्मकथनात दलित स्त्रियांच्या बाळंतपणातील उपासमार आणि अज्ञानमूलक उपचारांनी होणारे हाल नोंदलेले आहेत. तो प्रदेश फलटण परिसरातील असला तरी ती वस्तुस्थिती तेवढ्याच भागापुरती मर्यादित मानता येत नाही.

वसाहतकाळ आणि निजामी राजवट

ब्रिटिश हिंदुस्थानात १८८५ मध्ये डफरिन फंडाची आणि १९०३ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती निधीची स्थापना झाली. दुसऱ्या निधीचा प्रमुख हेतू पारंपरिक दायांना प्रशिक्षण देणे हा होता. याच काळात, १८८६ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पुढे कॅथरिन मेयो यांच्या 'मदर इंडिया' (१९२७) या ग्रंथाने भारतीय दाईचे केवळ काळे चित्र जगापुढे मांडले. परिणामी सुईण म्हणजे घाण व अज्ञान हे समीकरण सुशिक्षितांतही दृढ झाले. तिच्या हातातील अस्वच्छतेबरोबर तिच्या सहवासातील आधारही त्याज्य ठरला, ही या प्रक्रियेतील मोठी हानी होय.

भोकर परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील आधुनिक स्त्रीवैद्यकाचे मुख्य केंद्र हैदराबाद शहर हेच राहिले. दूरच्या खेड्यांतील स्त्रियांना सुईणीवाचून पर्याय नव्हता. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातील मुधोळ भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. सीमा बदलली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. मराठी, तेलुगू, दखनी उर्दू आणि तांड्यांवरील बंजारा बोली या परिसरात शेजारी नांदतात. तेलुगूत सुईणीला 'मंत्रसानी' म्हणतात. कळा सोसणाऱ्या स्त्रीला आपल्या बोलीत धीर देणारे माणूस जवळ असणे किती आवश्यक आहे, हे अशा बहुभाषिक प्रदेशात अधिक स्पष्टपणे जाणवते.

स्वातंत्र्योत्तर धोरण : प्रशिक्षणाकडून वगळण्याकडे

भोर समितीने १९४६ च्या अहवालात पुरेशा प्रसविका तयार होईपर्यंत दायांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली होती. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेतून या प्रशिक्षणाचा विस्तार झाला. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि नाळेची स्वच्छता हे सूत्र खेडोपाडी पोहोचले. महाराष्ट्रात जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी, तर गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेवेचा कणा बनविले. गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले व त्यांनी जगाचे लक्ष वेधले. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री योग्य प्रशिक्षणाने जीव वाचवू शकते, हे या दोन्ही प्रयोगांनी सिद्ध केले.

नव्वदीच्या दशकापासून आंतरराष्ट्रीय धोरण कुशल प्रसूतिसेवकाकडे वळले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसविका व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांसह केलेल्या व्याख्येत पारंपरिक दाईला स्थान उरले नाही. भारतात २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्तीची व्यवस्था आली. गर्भिणीला दवाखान्यात पोहोचविणे हे आशाताईचे काम ठरले. प्रसूतिकक्षात मात्र स्त्री पुष्कळदा एकटीच राहिली. गर्दी, पडद्यांचा अभाव, अपुरे मनुष्यबळ आणि रागावून बोलण्याची सवय यांमुळे हा एकटेपणा अधिक बोचरा होतो.

डूला संकल्पना आणि तिचा आधार

'डूला' हा सेविका या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द. मानववंशशास्त्रज्ञ डाना राफेल यांनी १९७३ मध्ये स्तनपानविषयक ग्रंथात तो आईला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी योजला. ग्वाटेमालातील रुग्णालयात झालेल्या व १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सतत सोबत लाभलेल्या पहिलटकरणींचा प्रसूतिकाळ कमी झाल्याचे आढळले. विशेष म्हणजे ती सोबतीण वैद्यकीय प्रशिक्षण नसलेली साधी स्त्री होती. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील २६ चाचण्यांचा विचार करण्यात आला. अखंड सोबतीमुळे नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते आणि शस्त्रक्रियेचे प्रमाण घटते, असे त्यात दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये स्त्रीच्या पसंतीच्या सोबतीची शिफारस केली.

त्याआधी, २०१६ मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतिसोबतिणीस मुभा दिली. ती शक्यतो स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली नातेवाईक स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, ती पूर्णवेळ थांबावी आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात हस्तक्षेप करू नये, अशा अटी आहेत. जेथे खाजगीपणाची व्यवस्था आहे तेथे पतीलाही परवानगी देता येते. चरकसंहितेतील वर्णनाशी या अटींचे असलेले साम्य उद्बोधक आहे.

सोबतिणीची निवड व कार्यपद्धती

महानगरांत शुल्क घेऊन काम करणाऱ्या डूला आढळतात. परिचारिका व प्रसविकांप्रमाणे त्यांची भारतात कायदेशीर नोंदणी होत नाही. म्हणून प्रशिक्षण, अनुभव व रुग्णालयाची संमती यांची चौकशी कुटुंबालाच करावी लागते. भोकर परिसरातील सामान्य कुटुंबासाठी आई, बहीण, जाऊ किंवा गावातील अनुभवी बाई हाच व्यवहार्य पर्याय आहे. ही निवड गर्भिणीने स्वतः करावी. मानपानासाठी सोबतीण ठरविल्यास तिचा उपयोग होत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात नाव निश्चित करून तिला एकदा तपासणीला सोबत न्यावे, म्हणजे दवाखाना व परिचारिका दोन्ही परिचित होतात. तिने पाठ-कंबर चोळणे, पाणी देणे, परवानगी असेल तोवर चालविणे, श्वासाची लय राखण्यास मदत करणे आणि परिचारिकेचे म्हणणे स्त्रीच्या बोलीत समजावणे ही कामे करावीत. पोट दाबणे, अंतर्गत तपासणी करणे, औषध देणे किंवा लवकर सुटका व्हावी म्हणून सुईचा आग्रह धरणे तिने कटाक्षाने टाळावे. रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी यांपैकी काही दिसताच परिचारिकेला हाक मारावी. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करण्यास साहाय्य करावे. मध किंवा घुटी देऊ नये.

निष्कर्ष

सुईणीच्या परंपरेत कौशल्य अपुरे होते, जातीची शिक्षा होती, पण सोबत होती. आधुनिक रुग्णालयाने कौशल्य दिले आणि सोबत काढून घेतली. या दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते असे मानण्यास इतिहासात व वैद्यकीय पुराव्यात आधार नाही. सोबतीस मोठा खर्च लागत नाही. एक पडदा, एक स्टूल आणि कर्मचाऱ्यांची मान्यता एवढ्यावर ती शक्य होते. २०१६ ची मुभा प्रसूतिकक्षाच्या दारावर मराठीबरोबर तेलुगू व उर्दूतही लावली जावी, आशाताईंनी गरोदरपणातच सोबतिणीचे नाव विचारून नोंदवावे आणि वृद्ध सुईणींच्या अनुभवांचे मौखिक इतिहास संकलन महाविद्यालयांच्या इतिहास व समाजशास्त्र विभागांनी हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. यांपैकी शेवटच्या कामाला विलंब परवडणारा नाही. त्या पिढीतील सुईणी आता मोजक्याच उरल्या आहेत.