खोटं पकडणारं यंत्र आणि तक्रारीचा कागद



चोराच्या मनात चांदणं, असं आपण सहज म्हणतो. पण ज्या घरी आपण धुणीभांडी करतो तिथली अंगठी हरवली आणि ‘तू घेतलीस का?’ असं कुणी विचारलं, तर जिने घेतली नाही तिच्याही छातीत धस्स होतं. भीती चोरालाही वाटते आणि सावालाही. आजचा इतिहास याच भीतीचा आहे.

पूर्वी आपल्याकडे खरं-खोटं ठरवायला दिव्य करायला लावत. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. हात भाजला तर माणूस खोटा. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी याच कामासाठी यंत्र आलं. त्याला पॉलिग्राफ म्हणतात, आपण लाय डिटेक्टर म्हणतो. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, छातीभोवती श्वास टिपणारी नळी, बोटांना घाम टिपणाऱ्या पट्ट्या. परीक्षक प्रश्न विचारतो आणि कागदावरच्या रेघा बघतो.

या यंत्राच्या जन्मात एका बाईचा वाटा आहे. विल्यम मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ रक्तदाबावरून खोटं ओळखू पाहत होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी सांगितलं होतं, की चिडल्यावर आपला रक्तदाब चढतो. त्यांच्या घरचे ही आठवण सांगत. बघा, बाई चिडण्याबद्दल बोलली होती, खोटं बोलण्याबद्दल नाही. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

१९२१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात जॉन लार्सन या पोलिसाने असं यंत्र तयार केलं. सुरुवातीच्याच तपासात त्याने ते लावलं कॉलेजच्या मुलींना. त्यांच्या वसतिगृहात चोऱ्या होत होत्या, म्हणून तिथल्या मुलींची चाचणी झाली. पुढे स्वतः लार्सनच या यंत्राच्या वापरावर कडक टीका करू लागला. १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्स्टन यांची चाचणी पुरावा म्हणून नाकारली.

न्यायालयाने नाकारलं, तरी मालकांनी उचललं. दुकानं, बँका, गोदामं इथे नोकरी मागायला आलेल्यांनाही यंत्राला जोडू लागले. रेघ हलली की काम गेलं. दाद कुठे मागणार?

दाद मागायची वाट हळूहळू तयार झाली. १९६० च्या दशकात काही राज्यांनी परीक्षकाला परवाना सक्तीचा केला. परवाना आला म्हणजे परवाना देणारंही कुणी आलं, आणि जो परवाना देतो तो काढूनही घेऊ शकतो. यंत्राविरुद्ध तक्रार कशी करणार? यंत्र चालवणाऱ्या माणसाविरुद्ध मात्र करता येते.

मग १९८८ मध्ये सगळ्या अमेरिकेसाठी कायदा झाला. बहुतेक खासगी मालकांना नोकरी देताना ही चाचणी घ्यायला बंदी आली. चोरीसारख्या नुकसानीच्या तपासात घ्यायचीच असेल, तर ४८ तास आधी लेखी सूचना द्यायची. प्रश्न आधी दाखवायचे. धर्म, राजकारण, युनियन, शरीरसंबंध यांबद्दल विचारायचं नाही. चाचणी किमान ९० मिनिटांची असावी आणि एका परीक्षकाने दिवसात पाचपेक्षा जास्त घेऊ नयेत. कामगाराला वाटेल तेव्हा उठून जाता येतं. नकार दिला म्हणून, किंवा तक्रार केली म्हणून, कामावरून काढता येत नाही. सरकारी खाती मात्र या कायद्याबाहेर ठेवली, ही त्यातली मोठी उणीव.

या प्रत्येक नियमात तक्रारीचा एकेक मुद्दा आहे. सूचना ४८ तास आधी मिळाली का? परवाना लागणाऱ्या राज्यात परीक्षकाकडे तो होता का? नको ते विचारलं का? प्रश्नांची आणि आलेखाची प्रत मिळाली का? मालकाविरुद्ध केंद्रीय कामगार खात्याकडे जायचं, परीक्षकाच्या वागण्याबद्दल राज्याच्या परवाना कार्यालयाकडे. तीन वर्षांच्या आत न्यायालयातही जाता येतं. परीक्षकाने कागदपत्रं तीन वर्षं जपायची, तीही यासाठीच. ‘यंत्र खोटं बोललं’ हे सिद्ध करणं अवघड. ‘नियम मोडला’ हे कागदावर दाखवता येतं.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथेही पोलीस तपासात ही चाचणी होते. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात निकाल दिला. खटल्याला नाव एका बाईचं आहे. न्यायालय म्हणालं, की गुन्ह्याच्या तपासात असो वा इतर कुठे, कुणावरही ही चाचणी बळजबरीने करता येणार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली घालून दिलेले नियमही पाळायला सांगितले. संमती हवीच, ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायची, आणि आधी वकिलाचा सल्ला मिळायला हवा.

हे मोडलं गेलं तर राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. फी लागत नाही. मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. दिवस, वेळ, ठिकाण, कोण हजर होतं, काय विचारलं, कशावर सही घेतली, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असं सांगायला समोरचे मोकळे.

गटाच्या वहीत आपण वीस रुपयांचीही नोंद करतो, कारण तोंडी हिशेबाने मैत्रीत वितुष्ट येतं हे आपण जाणतो. तोच हात इथे चालवायचा. आणि आपल्यापैकी कुणावर आळ आला, तर तिला ठाण्यात एकटीला पाठवायचं नाही. दोघीतिघींनी सोबत जायचं. छाती तिचीही धडधडेल. ती धडधड म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, एवढं तिला आधीच सांगून ठेवू या.