खरबरीत चांदीचा हिशेब

दिवाळी आठ दिवसांवर आली, की देवघरातली चांदीची निरांजने, करंडे, अत्तरदाण्या घासायला निघतात. चांदी लखलखली, की काम झाले असे आपण मानतो. आज मी ज्या चांदीची गोष्ट सांगणार आहे, ती मात्र मुद्दाम खरबरीत केलेली होती. ती गुळगुळीत राहिली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

या गोष्टीचा पहिला धागा आपल्याच देशातला आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांच्या हाती एक मोठा शोध लागला. पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाबरोबरच किंचित बदललेल्या रंगाचा प्रकाशही सापडतो. हा बदल किती, ते त्या पदार्थाच्या रेणूंच्या कंपनांवर ठरते. म्हणजे हा बदल ही त्या रेणूची सहीच म्हणायची. या शोधासाठी रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपण जाणतोच.

पण ही सही फार पुसट असते. विखुरलेल्या कोटीभर प्रकाशकणांत एखादाच रंग बदलून येतो. पेलाभर द्रवात रेणू अगणित असतात, म्हणून तिथे ती वाचता येते. धातूच्या पत्र्यावर जेमतेम एका रेणूच्या जाडीचा थर असेल, तर काय दिसणार? आणि खरी गंमत तर तिथेच असते. लोखंडाला गंज चढतो तो पृष्ठभागावर, आणि विद्युतघटातली रासायनिक क्रिया चालते तीही तिथेच.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमान, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्विलन यांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी काढलेली युक्ती साधी होती. चांदीचा इलेक्ट्रोड क्षाराच्या द्रावणात ठेवून विजेची दिशा पुनःपुन्हा उलटसुलट करायची. चांदी थोडी विरघळते, पुन्हा जमते आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. सपाट जमिनीपेक्षा डोंगरउतारावर जागा जास्त, म्हणून त्यावर रेणूही जास्त बसतील, हा त्यांचा विचार. त्यांनी पिरिडीन नावाचा पदार्थ वापरला. आणि सही उमटली, स्पष्ट उमटली! १९७४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. जागा वाढली, रेणू वाढले, म्हणून प्रकाश वाढला, असा उलगडाही झाला. प्रकरण इथेच मिटायचे.

ते मिटू दिले नाही अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या रिचर्ड व्हॅन ड्यूइन आणि डेव्हिड जीनमेअर यांनी. त्यांनी हिशेब मांडला. चांदी खरबरीत करून जागा वाढेल ती फार तर दहा-वीस पट. दिसणारी सही मात्र अपेक्षेपेक्षा एक लाख ते दहा लाख पट ठळक होती! बाजारात दहा रुपयांचा माल विकावा आणि गल्ल्यात लाख रुपये निघावेत, तसा हा प्रकार. १९७७ साली त्यांनी हे मांडले. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठात अल्ब्रेख्ट आणि क्रायटन स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले. वाढ रेणूंच्या संख्येत नव्हती. प्रत्येक रेणूची सहीच ठळक झाली होती.

हे कसे घडते? चांदीतले इलेक्ट्रॉन बरेच मोकळे असतात. खरबरीत पृष्ठभागावरचे उंचवटे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आगेमागे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच लहान असतात. अशा उंचवट्यावर योग्य रंगाचा प्रकाश पडला, की त्यातले इलेक्ट्रॉन एकजुटीने हिंदकळू लागतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत गेले, की तो उंच जातो ना, तसेच. मग दोन उंचवट्यांमधल्या फटीत प्रकाशाचे बळ एकवटते. तिथे सापडलेल्या रेणूवर येणारा प्रकाश वाढतो आणि त्याच्याकडून जाणाराही वाढतो. या दुहेरी वाढीचा गुणाकार होतो. टोरांटोच्या मार्टिन मॉस्कोविट्स यांनी १९७८ साली उंचवट्यांतल्या या हिंदकळण्याकडे बोट दाखवले. रेणू आणि धातू यांच्यातल्या रासायनिक नात्याचाही यात काही वाटा असतो, हेही पुढे कळले.

त्यानंतर कामाला वेग आला. १९९७ साली दोन गटांनी एकेकट्या रेणूची सही वाचली. शिकागोच्या कलासंग्रहालयात रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचे १८८३ सालचे एक स्त्रीचित्र आहे. त्याची पार्श्वभूमी फिकट दिसते, पण चौकटीखाली झाकलेल्या कडेला भडक लाल रंग टिकून होता. व्हॅन ड्यूइन यांच्या पद्धतीने त्या रंगाचा कणभर नमुना तपासला, तेव्हा तो कोचिनियल किड्यापासून केलेला लाल रंग निघाला. मूळ चित्र कसे दिसत असेल, हे २०१४ सालच्या प्रदर्शनात लोकांना पाहायला मिळाले.

आणि फ्लाइशमान? १९८९ साली त्यांनी स्टॅन्ली पॉन्स यांच्यासह, साध्या विद्युतघटात अणुगर्भांचे मीलन घडवल्याची घोषणा केली. जगभर खळबळ उडाली, पण इतर प्रयोगशाळांना तो पडताळा आला नाही. नियतीचा खेळ पाहा. १९७४ साली त्यांच्या हाती जे खरोखर मोठे लागले होते, ते त्यांनी लहान मानले. आणि १९८९ साली जे मोठे म्हणून जगापुढे ठेवले, ते टिकले नाही.

त्यांना हसण्याचे मात्र कारण नाही. चांदी खरबरीत करण्याची कल्पना त्यांच्या गटाची, प्रयोग चोख, निरीक्षणही खरे. प्रयोग यशस्वी झाला, आपण म्हणत होतो तसेच झाले, की माणूस समाधान पावतो. जे आले ते किती यायला हवे होते, हे विचारायचे तेवढे राहून जाते. साउदॅम्प्टनला तेवढेच राहिले होते.