समलैंगिकतेचा जाहीर स्वीकार

समाजात नाव असलेल्या व्यक्तीने आपण समलैंगिक आहोत असे स्वतःच्या नावाने, स्वेच्छेने आणि सार्वजनिक माध्यमातून सांगणे. इंग्रजीतील ‘कमिंग आउट’ ही संज्ञा मराठीतही आता रूढ झाली आहे. व्याख्येतील तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. न्यायालयात वाभाडे निघाल्याने जे उघड झाले (उदा., ऑस्कर वाइल्ड, १८९५), वृत्तपत्राने जे फोडले किंवा मृत्यूनंतर चरित्रकाराने जे लिहिले, त्याला जाहीर स्वीकार म्हणता येत नाही. तृतीयपंथी समाजाचा प्रश्नही याहून वेगळा आहे. त्यांचे वेगळेपण वेशातून व समूहजीवनातून समाजाला पूर्वापार दिसत आले, तर समलैंगिक व्यक्तीचे वेगळेपण ती सांगेपर्यंत दिसत नाही. न दिसण्याची ही सोय हेच तिचे संरक्षण आणि तीच तिची अडचण होय.

प्रसिद्ध व्यक्ती अमुकच वेळी का बोलली, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्या धैर्यापेक्षा तिच्या परिस्थितीत सापडते. एखादे भय नुकतेच संपलेले असते, किंवा गप्प राहणे हीच एक लबाडी ठरू लागलेली असते. या विषयाचा इतिहास जर्मन कायदेपंडित कार्ल हाइन्रिख उलरिक्स याच्यापासून सांगण्याची प्रथा आहे. २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्यूनिक येथे जर्मन विधिज्ञांच्या परिषदेत त्याने समलैंगिकांना शिक्षा देणाऱ्या कायद्यांविरुद्ध भाषण केले. सभेने आरडाओरड करून त्याला खाली बसविले. पुढे शतकभर प्रसिद्ध माणसांची वाट याच्या उलट राहिली. अमेरिकन पियानोवादक लिबराचे याने तर, आपण समलैंगिक असल्याचे सूचित केले म्हणून, एका ब्रिटिश दैनिकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला व १९५९ मध्ये तो जिंकला. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल येथील १९६९ च्या उद्रेकानंतर वारे बदलले. सॅन फ्रॅन्सिस्कोचा नगरप्रतिनिधी हार्वे मिल्क (हत्या १९७८) याने, प्रत्येकाने आपल्या घरच्यांना व शेजाऱ्यांना सांगावे, असा आग्रह धरला. ज्याला आपण ओळखतो त्याच्याविरुद्ध मत देणे माणसाला जड जाते, हे त्यामागील साधे गणित होते.

टेनिसपटू मार्टिना नवरातिलोव्हा हिचे उदाहरण वेळेच्या दृष्टीने फार बोलके आहे. चेकोस्लोव्हाकिया सोडून आलेल्या मार्टिनाला जुलै १९८१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिची मुलाखत प्रसिद्ध झाली. नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाण्याचे भय होते तोवर तिला बोलणे परवडणारे नव्हते. त्याच वर्षी बिली जीन किंग हिच्याविषयीची गोष्ट दाव्यामुळे बाहेर आली व तिचे जाहिरातींचे करार हातचे गेले. तेव्हा मार्टिनाचे भय काल्पनिक नव्हते. एड्सच्या साथीने काहींना बोलण्याची वेळच निवडू दिली नाही. पाचगणीच्या शाळेत शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी याने आपल्या आजाराचे निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ रोजी काढले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला.

भारतात या भयाला कायद्याचे अधिष्ठान होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ अन्वये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र गुन्हा होता. प्रत्यक्ष खटले थोडे झाले. परंतु कलमाची खरी उपयुक्तता खटल्यापेक्षा धाकात, पोलिसांच्या व खंडणीखोरांच्या हातात होती. अशा स्थितीत जाहीर स्वीकार हा जवळपास गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरत असे. मराठीत विषयाची चर्चा मात्र पूर्वीपासून होती. र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून लैंगिक प्रश्नांवर निर्भीडपणे लिहिले. वाचकांच्या अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर चाललेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दंड झाला. पण कर्व्यांचे लेखन विषयाबद्दल होते. ‘मी’ असे म्हणणारा कोणी त्यात उभा नव्हता. तो ‘मी’ मराठीत प्रथम ठळकपणे उभा राहिला तो रंगभूमीवर, विजय तेंडुलकरांच्या मित्राची गोष्ट या १९८१ च्या नाटकातील नायिकेच्या रूपाने. जे प्रत्यक्षातील व्यक्तीला सांगता येत नव्हते, ते पात्राला सांगता आले.

त्याच वर्षी मुंबईत जन्मलेले आणि बडोद्यात स्थायिक झालेले चित्रकार भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांनी यू कान्ट प्लीज ऑल हे चित्र रंगविले. व्यवसायाने ते हिशेबतपासनीस होते. १९७९ च्या इंग्लंडभेटीत त्यांनी तेथील समलैंगिकांचे मोकळे जीवन पाहिले. १९८० मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले. त्यानंतरच्या चित्रांत त्यांनी काही झाकले नाही. आई असेतो न बोलणे, ही भारतीय मौनाची फार परिचित तऱ्हा आहे. कायद्याहूनही मोठा धाक घरातल्या मायेचा असतो, हे कायद्याच्या इतिहासात कोठे नोंदले जात नाही.

शब्दांत आणि स्वतःच्या नावाने बोलण्याचा मान सामान्यतः पत्रकार अशोक राव कवी (१९४७– ) यांना दिला जातो. मुंबईत जन्मलेले राव कवी काही काळ रामकृष्ण मिशनमध्ये होते. तेथील एका ज्येष्ठ संन्याशानेच त्यांना मठ सोडून स्वतःला सामोरे जाण्याचा सल्ला दिला, असे ते सांगतात. सॅव्ही या मुंबईच्या इंग्रजी मासिकात १९८६ मध्ये त्यांची मुलाखत आली. त्यांनी निवडलेल्या वेळेमागे कारणे दिसतात. एड्सची चर्चा भारतात नुकतीच सुरू झाली होती आणि रोगनिवारणाची कोणतीही योजना ज्यांच्यासाठी आखायची ते लोक कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय वृत्तव्यवसायातील माणसाला छापील शब्दाची भीती इतरांपेक्षा कमी वाटत असावी. त्यांनी १९९० मध्ये बॉम्बे दोस्त हे नियतकालिक काढले व १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट या संस्थेची स्थापना केली. एका व्यक्तीच्या स्वीकारातून पत्ता, टपालपेटी व संस्था निर्माण झाली, हे त्या मुलाखतीचे खरे फलित होय. जाहीर बोलणाऱ्याचे नाव इतरांना शोधून काढता येते.

गोव्याचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी आपले सहजीवन कधी लपविले नाही. २००२ मध्ये फ्रेंच कायद्याप्रमाणे त्यांनी आपल्या जोडीदाराशी गोव्यातच नागरी करार केला आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फॅशनच्या व्यवसायात असा मोकळेपणा तुलनेने सोपा असतो, ही गोष्ट खरी; पण कोलवाळ गावात राहून तो निभावणे तितके सोपे नसावे. या दोन्ही उदाहरणांची भाषा मात्र इंग्रजी होती. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावी वाढणाऱ्या मुलापर्यंत त्या काळी सॅव्हीचा अंक जाण्याचा संभव नव्हता; त्याला स्वतःच्या भाषेत शब्दही शिव्यांव्यतिरिक्त मिळत नव्हते. अमेरिकेतील संगणकक्षेत्रातील नोकरीनंतर पुण्यास परतलेले बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि पार्टनर ही कादंबरी व इतर पुस्तके लिहून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. स्वतःच्या नावाने मराठीत लिहिणे हा त्यांचा निर्णय प्रसिद्धीच्या दृष्टीने लहान, पण परिणामाच्या दृष्टीने कोणत्याही ताऱ्याच्या मुलाखतीहून मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ज्याला निवड दिली गेली नाही, अशा एका मराठी माणसाची कथा येथे टाळता येत नाही. नागपूरकडचे श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते; पायाखालची हिरवळ हा त्यांचा काव्यसंग्रह. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही जणांनी त्यांच्या राहत्या घरात कॅमेऱ्यासह घुसून चित्रीकरण केले. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २ जुलै २००९ च्या निर्णयाने सज्ञानांचे खाजगी व संमतीचे संबंध त्या वेळी गुन्हा राहिलेले नव्हते. म्हणजे कायद्याने दिलेले घराने आणि कचेरीने काढून घेतले. निवृत्तीला काही महिने उरलेल्या या एकाकी प्राध्यापकाने त्यानंतर जे केले ते विशेष आहे : तो लपला नाही. आपल्या नावाने व चेहऱ्याने तो वार्ताहरांशी बोलला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने १ एप्रिल रोजी निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले. आज त्यांचे नाव लोकांना ठाऊक आहे ते मुख्यतः अलीगढ या हिंदी चित्रपटामुळे; त्यांच्या कविता फारशा कोणी वाचलेल्या नाहीत.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निर्णय फिरविला. या निकालातील एक युक्तिवाद जाहीर स्वीकाराच्या इतिहासात निर्णायक ठरला. समलैंगिक हे लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी व्यक्तींवर खटले झाले, असे न्यायालयाने नमूद केले. वास्तविक शासनानेच न्यायालयापुढे सुमारे २५ लाख ही संख्या ठेवली होती. भीतीने पाळलेले मौन हाच अस्तित्व नसल्याचा पुरावा मानला गेला. याला पहिले उत्तर लेखक विक्रम सेठ यांनी दिले. ते पूर्वीही मोकळेपणे बोलले होते आणि २००६ मध्ये कलमाविरुद्ध खुले पत्र लिहिण्यात त्यांचा पुढाकार होता. आता एका इंग्रजी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आपण गुन्हेगार नाही असे लिहिलेली पाटी हातात धरून ते उभे राहिले.

दुसरे उत्तर न्यायालयातच दिले गेले. २००९ चा खटला एका स्वयंसेवी संस्थेचा होता. त्यात पीडित म्हणून कोणी स्वतः उभे नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये नर्तक नवतेजसिंह जोहर, पत्रकार सुनील मेहरा, पाककुशल उपाहारगृहचालक रितू दालमिया, इतिहासलेखक व हॉटेलव्यावसायिक अमन नाथ आणि उद्योजिका आयेशा कपूर या पाच जणांनी आपल्या नावाने याचिका केली. हे कलम आमच्यावर चालते असे शपथेवर सांगणे म्हणजे, कलम टिकले तर स्वतःविरुद्ध पुरावा देणे होते. प्रतिष्ठितांनीच पुढे यावे लागले, कारण हा धोका पत्करण्याइतकी पत व साधने त्यांच्यापाशी होती. पुढे राव कवी यांच्यासह इतर याचिकादारही आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संमतीने होणारे सज्ञानांचे संबंध कलमातून वगळले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर तसे कलमच नाही. भय ओसरल्यावर बोलणे सुलभ होते याची साक्ष लवकरच मिळाली. धावपटू द्युती चंद हिने मे २०१९ मध्ये आपले नाते जाहीर केले. कायद्याची अडचण संपली, घरची नाही : आपल्या बोलण्यामागे घरच्या दबावाचेही कारण असल्याचे तिने सांगितले. स्त्रियांची उदाहरणे एकूण थोडी आहेत, कारण घर सोडून स्वतंत्र राहण्याची मुभाच त्यांना क्वचित मिळते.

सत्तापदावरील व्यक्तीचा स्वीकार हा वेगळा प्रकार असून त्याचे ठळक उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्याशी जोडलेले आहे. मालवण तालुक्यातील वराड हे लिओ वराडकर (१९७९– ) यांच्या वडिलांचे गाव. वडील डॉक्टर, आई आयरिश. लिओ डब्लिनमध्ये जन्मले व स्वतःही डॉक्टर झाले. आरोग्यमंत्री असताना, १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आयर्लंडच्या राष्ट्रीय नभोवाणीवरील मुलाखतीत त्यांनी प्रथमच ही गोष्ट जाहीर केली. हा दिवस सहज निवडलेला नव्हता. समलिंगी विवाहावरील सार्वमत चार महिन्यांवर आले होते. समलैंगिक पुरुषांच्या रक्तदानावरील बंदी उठवायची की नाही, याचा निर्णय त्यांच्याच खात्याकडे होता. हे निर्णय घेताना आपला काही छुपा हेतू होता असे उद्या कोणी म्हणू नये, अशा आशयाचे कारण त्यांनी स्वतः दिले. आणि आपण अर्धभारतीय राजकारणी, डॉक्टर राजकारणी किंवा समलैंगिक राजकारणी अशा कोणत्याही एका विशेषणात मावत नाही, हेही सांगितले. ज्या देशात १९९३ पर्यंत असे संबंध गुन्हा होते, त्या देशाने २२ मे २०१५ रोजी ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाह मान्य केला. वराडकर जून २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. २०२० पर्यंत व पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात ते त्या पदावर होते. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला येऊन गेले. आपल्याकडील कौतुकाचा भर मुख्यतः गावाच्या नावावर होता आणि दुसरी बाब बहुधा एका वाक्यात आटोपली जात असे. तरीही ती लपविण्याची गरज कोणाला वाटली नाही, हेही थोडे नव्हे.

भारतात पदाचा प्रश्न ज्येष्ठ विधिज्ञ सौरभ किरपाल यांच्या निमित्ताने उपस्थित झाला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी त्यांचे नाव २०१७ पासून विचाराधीन होते. समलैंगिकांच्या हक्कांविषयी त्यांना वाटणारी आस्था निःपक्षपातीपणाच्या आड येईल, हा शासनाच्या आक्षेपांपैकी एक होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पुन्हा शिफारस करताना, त्यांनी आपला कल लपविला नाही ही गोष्ट त्यांच्या श्रेयाचीच मानली. शिफारशीनंतरही नियुक्ती दीर्घकाळ प्रलंबित राहिली.