बंगालच्या उपसागरातील वादळी उधाण आणि संगणकीय पूर्वानुमान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
चक्रीवादळातील मोठी जीवितहानी बहुधा वाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्यामुळे होते. यालाच वादळी उधाण म्हणतात. १२ नोव्हेंबर १९७० रोजी तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या भोला चक्रीवादळात सुमारे तीन लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या आपत्तीनंतर उधाणाच्या गणिताला मिळालेली दिशा व त्या गणिताच्या मर्यादा यांचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

गणिती प्रारूपांचा विकास :
हवामानाचे भाकीत समीकरणे सोडवून करता येईल, हा विचार लुईस रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. हाताने केलेले त्यांचे गणित फसले. परंतु १९५० मध्ये अमेरिकेतील एनिअॅक या संगणकावर तोच मार्ग व्यवहार्य ठरला. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. के. दास यांनी १९७२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात बंगालच्या उपसागरातील उधाणाचे प्रारूप प्रसिद्ध केले. पुढे दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत एस. के. दुबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कार्य विस्तारले.

वादळाच्या केंद्रातील वायुभाराची घट, कमाल वाऱ्याची त्रिज्या, वादळाचा मार्ग आणि समुद्राची खोली ही या प्रारूपांची मुख्य सामग्री होय. उपसागराच्या उत्तर भागातील उथळ तळ व नरसाळ्यासारखा आकार यांमुळे तेथे पाणी अधिक उंच चढते. उधाण भरतीच्या वेळी आल्यास धोका आणखी वाढतो. वादळाचा अंदाजित मार्ग थोडा जरी चुकला, तरी सर्वाधिक उधाणाचे ठिकाण बदलते.

पूर्वानुमान आणि व्यवहार :
२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक दगावले. त्याच वर्षी हैदराबाद येथे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र स्थापन झाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन वादळ गोपाळपूरजवळ धडकले. तत्पूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले होते. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. दोन्ही वादळांचा मार्ग व किनारा भिन्न असल्याने ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावी लागते. शिवाय निवारागृहे, रस्ते आणि स्थानिक प्रशासनाची तयारी यांचा वाटाही यात मोठा होता.

निष्कर्ष :
संगणकीय प्रारूप पाण्याची संभाव्य उंची सांगते; कोणते गाव केव्हा रिकामे करावे, हा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागतो. १९७० ते २०१३ या काळातील प्रगती म्हणूनच केवळ संगणकाच्या वेगाने मोजता येत नाही. पूर्वानुमान किनाऱ्यावरील शेवटच्या घरापर्यंत वेळेत पोहोचणे, हाच तिचा खरा निकष होय.